चौथ्या गाण्यातला श्वास

सिडकोतल्या कॅनॉट भागातल्या दाताच्या दवाखान्यात रामकिसनचा नंबर सातवा होता, आणि पाचव्या नंबरची बाई पर्स सावरत आत गेली तेवढ्यात छतातल्या गोल जाळीतून ते चौथं गाणं सुरू झालं. त्याने ते कानाने ओळखलं नाही, गुडघ्याने ओळखलं. उजवा गुडघा आपला आपण हलायला लागला, सुजलेल्या गालातली कळ एक पायरी खाली उतरली आणि डोळे मिटले गेले. सात महिने, रविवार सोडून रोज, कंपनीच्या पाळीत नऊ वेळा हे गाणं त्याच्या डोक्यावरून गेलं होतं. बायकोचा आवाजसुद्धा एवढ्या वेळा गेला नसेल, आणि बायकोच्या आवाजात चढउतार तरी होता. सॅक्सोफोनवाला नेहमीसारखा कसलीच घाई नसलेल्या माणसासारखा आला, कुणाला धक्का न लावता मधल्या जागेवर बसला. त्याच्या मागे गिटार, गिटारीच्या मागे ब्रशने वाजवलेले ड्रम, म्हणजे शेजारचं कुणीतरी अंगण झाडतंय असा आवाज. रामकिसन वाट पाहू लागला. अडीच मिनिटांनी एक जागा येते. ड्रमवाला थांबतो, गिटारवाला थांबतो, सगळा कारखाना क्षणभर बंद पडतो आणि त्या मोकळ्या जागेत सॅक्सोफोनवाला श्वास घेतो. वाजवत काही नाही, नुसता घेतो. खोल, थोडा ओला, शेवटाला जरासा करकरणारा. छप्पन्न मिनिटांच्या त्या गुळगुळीत संगीतात माणूस असल्याचा पुरावा तेवढाच होता आणि रामकिसनने तो स्वतः शोधून काढलेला होता. ड्रम थांबले. गिटार थांबली. श्वास आला नाही. सॅक्सोफोन पुन्हा सुरू झाला आणि काही घडलंच नाही अशा चालीने पुढे निघून गेला.

रामकिसन उठून काउंटरवर गेला. तिथल्या मुलीच्या छातीवर मोनिका अशी पट्टी होती. तिने न बघता सांगितलं की काका, अजून दोन जण आहेत. त्याने तिला ते गाणं पुन्हा लावायला सांगितलं, अर्ध्याच्या जरा अलीकडून. मोनिकाने फोनकडे बघितलं, मग त्याच्या गालाकडे.

“हे डॉक्टरांनी लावायला सांगितलंय काका. पेशंट घाबरू नयेत म्हणून.”

“मी घाबरलो,” रामकिसन म्हणाला.

तो हे चहात साखर नाही अशा सुरात म्हणाला, त्यामुळे मोनिकाने गाणं लावलं. त्याने तिच्यासमोरचं धातूचं पेन उचललं, खुर्ची जाळीखाली ओढली, चपला काढून वर चढला, पेनाचं एक टोक जाळीला टेकवलं आणि दुसरं कानाला. सहाव्या नंबरचे गृहस्थ, ज्यांना त्या दिवशी कवळीचं माप द्यायचं होतं, ते उघड्या तोंडाने बघत राहिले. जागा आली. पेनातून स्वच्छ, घासूनपुसून ठेवलेलं, काहीच नसलेलं ऐकू आलं. रामकिसन खाली उतरला, चपला घातल्या, पेन परत दिलं. “ह्याच्यात एक माणूस कमी आहे,” असं त्याने मोनिकाला सांगितलं. दुखण्यात लोक काहीही बोलतात याची तिला सवय असावी. आत गेल्यावर डॉक्टरांना सांगा, म्हणाली.

हे गाणं ज्या हॉलमधलं, त्या हॉलचं असं होतं. वाळूजच्या त्या कंपनीला, जिचं नाव घेऊन आता काही उपयोग नाही, गिअर बनवायची जुनी लाइन बंद करायची होती आणि लाइनवरच्या माणसांनी आपणहून जावं अशी तिची मनापासून इच्छा होती. याला ऐच्छिक निवृत्ती म्हणतात. ज्यांची इच्छा झाली ते कागदावर सही करून गेले. ज्यांची झाली नाही त्या चौतीस जणांना कंपनीने कामावरून काढलं नाही, फक्त काम काढून घेतलं. सकाळी सातला कार्ड पंच करायचं, गणवेश आणि सेफ्टी शूज घालायचे, ट्रेनिंग हॉलमध्ये खुर्चीवर जाऊन बसायचं आणि साडेतीनला उठायचं. मोबाइल गेटवर जमा. पेपर नाही, पत्ते नाहीत, डुलकी लागली की मेमो. कानात घालायचे स्पंजचे बोळे मात्र रोज नवे मिळत, कारण गणवेशातल्या माणसाला यंत्रांच्या आवाजापासून जपायचं असा नियम होता आणि यंत्रं नाहीत असं नियमात कुठे लिहिलेलं नव्हतं. बोलायला बंदी नव्हती, पण चौतीस माणसांकडे बोलण्यासारखं जे होतं ते तिसऱ्या आठवड्यात संपलं. चौथ्या आठवड्यात खिडकीकडच्या खुर्चीवरून दोघांची मारामारी झाली. खिडकीतून भिंत दिसायची. मग एचआरच्या चारुता मॅडमनी पुण्याहून एक सल्लागार बोलावला. त्याने हॉलमध्ये दहा मिनिटं काढली आणि शांततेने नकारात्मकता वाढते असं निदान केलं. इलेक्ट्रिशियनने लोखंडी कपाटात म्युझिक सिस्टिम बसवली, सल्लागाराने दिलेला पेन ड्राइव्ह तिच्यात खोचला, कुणी छेडछाड करू नये म्हणून कपाटाला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली, आणि पुढच्या सोमवारी त्याचीही इच्छा झाली. तो मुलीकडे सुरतेला निघून गेला, किल्ली त्याच्याबरोबर गेली. पेन ड्राइव्हमध्ये नऊ गाणी होती. नववं संपलं की पहिलं लागे. कुलूप तोडायचं तर परवानगी लागत होती, परवानगीसाठी अर्ज गेला होता, आणि अर्जाला उत्तर अजून यायचं होतं.

पहिले पंधरा दिवस शिव्या खाण्यात गेले, म्हणजे गाण्यांनी खाल्ल्या. साहेबराव म्हणायचा की ही सनईच आहे, फक्त सर्दी झालेली. साहेबराव हा रामकिसनचा गाववाला. गंगापूर तालुक्यातल्या एकाच शिवारातून दोघं एकाच वर्षी वाळूजला आले, एकाच लाइनवर लागले, आणि आता शेजारच्या खुर्च्यांवर बसत होते. दोघांचं एकच ठरलं होतं, की आधी उठायचं नाही. तू सही केलीस तर मी करीन, असं दोघंही एकमेकांना सांगत, त्यामुळे कुणाचीच होत नव्हती. बाकीचे एकेक करून गळले, उन्हाळ्यापर्यंत हे दोघंच उरले. चौतीसांतले बारा तर निव्वळ संगीताने गेले, असं चारुता मॅडम एकदा म्हणाल्या. त्यात फुशारकी नव्हती, नवल होतं. पण रामकिसनचं निराळंच होऊन बसलं. तो ग्राइंडिंगवरचा माणूस. सव्वीस वर्षं त्याने गिअरवरच्या, इतरांच्या बोटाला न लागणाऱ्या धारा बोटाने शोधल्या होत्या, आणि एके दिवशी, तिसऱ्यांदा गाणी फिरत असताना, त्याच्या लक्षात आलं की या माणसाच्या सुरांना कुठेच धार नाही. एक सूर संपतो तिथे दुसरा असा येऊन बसतो की मध्ये नख जाणार नाही. चढतो तेव्हा मापात चढतो, दुःख होतं तेही मापातच होतं. हा भांडत नाही, रडत नाही, मोठ्याने हसत नाही. कुणीतरी याला फार वर्षं मऊ दगडावर घासलं असणार. रामकिसनला त्याच्याबद्दल आदर वाटायला लागला. त्याने साहेबरावला हे समजावून सांगितलं तेव्हा साहेबराव म्हणाला, “तुला मेमो नाय, डॉक्टर पायजे.” तरीही दुसऱ्या दिवसापासून तोही ऐकायला लागला. दुसरं करायचं काय होतं. त्यांनी गाण्यांना नावं पाडली. पहिलं लिफ्ट. दुसरं पाहुणे आले, तिसरं पाहुणे जाईनात. सहावं चारुता मॅडम, कारण ते फार नम्रपणे तेच तेच सांगत राही. चौथ्याला साहेबरावने नाव दिलं बिडकीनचा रस्ता. तिकडे नव्या उद्योगनगरीत सहा पदरी रस्ते करून ठेवलेत, दुभाजकात फुलं, रांगेने दिवे, आणि त्यावरून कुणीच जात नाही. साहेबराव एकदा मोटारसायकल घेऊन मुद्दाम गेला होता. म्हणाला की इतका चांगला रस्ता, रामकिसन, की हँडल सोडून रडावं वाटतं.

श्वास सापडला तो संक्रांतीच्या सुमाराला. रामकिसनचा कान अख्ख्या शॉपमध्ये नावाजलेला होता. मशीन कुरकुरलं की इंजिनीअर लोक लॅपटॉप जोडायच्या आधी त्याला बोलवत. त्याच्याजवळ हातभर लांब पेचकस होता, लाकडी मुठीचा. टोक मशीनच्या अंगाला टेकवायचं, मूठ कानाच्या हाडाला, आणि डोळे मिटायचे. आत बेअरिंग कसं फिरतंय, कुठे छर्रा खरचटलाय, तेल पोचतंय का नाही, सगळं सळईतून चढून यायचं. फक्त त्याला एक पथ्य होतं. शॉपचा मोठा कॉम्प्रेसर चालू असेपर्यंत काही कळत नसे. तो मधूनच दहा-पंधरा सेकंद बंद पडायचा, तेवढ्यात ऐकून घ्यायचं. ऐकून झालं की रामकिसन मशीनच्या अंगावर थाप मारून म्हणायचा, हिला तीन आठवडे. आणि ती तिसऱ्या आठवड्यात बसायची. एकदा तर एकविसाव्या दिवशी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, बंद असताना बसली. हा कान आता रिकामा होता. तर अशा कानाला संक्रांतीच्या सुमाराला चौथ्या गाण्यातल्या त्या जागेत श्वास लागला. त्याने पुढच्या फेरीला खात्री केली, त्याच्या पुढच्या फेरीला पुन्हा, आणि मग साहेबरावला सांगितलं. साहेबरावनेही ऐकलं. जागा आली, गेली. “व्हय,” तो म्हणाला. “घेतो बाबा.” मग जरा थांबून, “दमला असंल.” त्या दिवसापासून रामकिसन त्या जागेची वाट पाहू लागला. पहिली तीन गाणी म्हणजे नुसतं जिन्याने चढणं. डोळे मिटायचे, बोट वर करायचं म्हणजे साहेबरावला कळावं, आणि मग तो श्वास, रोजचा, नऊ वेळा. उन्हाळ्यात त्याला वाटायला लागलं की श्वास आणखी खोल झालाय. आधी नुसता ओला होता, आता तळाला बारीक बुडबुडे होते. कलाकार असाच हळूहळू उलगडतो, असं त्याने साहेबरावला सांगितलं. साहेबराव हसला नाही. त्याला तेव्हा फार बोलवत नसे. त्याने शर्टाचं वरचं बटण उघडं ठेवायला सुरुवात केली होती.

दाढ उपटून घेऊन रामकिसन कापूस दाबून सिडकोच्या स्टॉपवरून सिटी बसमध्ये बसला तेव्हा अर्धं तोंड दुसऱ्या कुणाचं तरी होतं. त्याने मनाशी हिशेबाने मांडून बघितलं. दवाखान्यातलं गाणं फोनवरून आलेलं, कंपनीतलं पेन ड्राइव्हमधलं. नव्या मालात साफसफाई करतात. श्वास, खोकला, खुर्चीचा आवाज, असलं सगळं कुणीतरी बसून काढून टाकत असेल. तसलं काम करणाराही कुठेतरी एखाद्या हॉलमध्येच बसलेला असेल. हे पटण्यासारखं होतं. नगर नाक्यापर्यंत ते त्याला पटलं. त्यानंतर बस छावणीतून पुढे निघाली आणि पटेनासं झालं, कारण श्वास न आल्याचं त्याने आज पहिल्यांदा ऐकलेलं नव्हतं. ते त्याने याआधी एकदा ऐकलं होतं. त्या आठवणीच्या दारापर्यंत तो गेला आणि दारातूनच परत आला. कापूस बदलायचा होता.

साहेबराव गेला त्याला दवाखान्याच्या त्या शनिवारी सोळा दिवस झाले होते. हॉलमध्येच गेला, खुर्चीवर, दुपारी दीडच्या आसपास. कंपनीने माणुसकी म्हणून हॉल येत्या सोमवारपर्यंत बंद ठेवला आणि त्या अवधीत रंगवायला काढला, म्हणून रामकिसनच्या कानावर मधल्या दिवसांत ती गाणी पडली नव्हती. तो दहाव्याला गेला, तेराव्याला गेला, पंगतीत वाढायला उभा राहिला. दहाव्याच्या दिवशी गोजरबाईने त्याला भर बायकांत विचारलं. गोजरबाई म्हणजे साहेबरावची बायको. तिने वीस वर्षं वाळूजलगतच्या रांजणगावच्या एका शेडमध्ये पत्रा दाबायच्या प्रेसवर काढली, आणि तिच्या शेडमध्ये बोळे वाटायचा नियम नव्हता. तिला ऐकू येतं ते फक्त कुकरची शिट्टी आणि दारावर दगड मारला तर. साहेबराव हॉलमध्ये रोज मिळणारे बोळे न वापरता डब्यात साठवून तिच्यासाठी घरी न्यायचा. आता काय उपयोग, असं रामकिसनने एकदा म्हटलं होतं, तर तो म्हणाला होता, उरलेलं तर वाचंल. तर ती कमी ऐकणाऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाली, “भावजी, डॉक्टर म्हणतो छातीत पाणी साचत होतं. म्हणतो पाच-सहा महिने श्वासाला आवाज असणारच, घरात कुणाला कसा आला नाय. मला तर येत नाय. तुम्ही सारा दिवस शेजारी. तुमच्या कानाचं तर ते लई सांगायचे. तुम्हाला आला का?” रामकिसनने मान हलवली. बहिऱ्या माणसाला नाही म्हणायला तोंडसुद्धा उघडावं लागत नाही. तेव्हा ते खरंच होतं. गोजरबाई म्हणाली, मग बरं, म्हणजे आवाज नव्हताच, डॉक्टर काहीबी बोलतात. आणि तिला जरा हलकं झालेलं त्याने पाहिलं होतं.

सोमवारी तो पेचकस घेऊन गेला. गेटवरच्या गार्डने विचारलं की काम नाही तर पेचकस कशाला. ऐकायला, रामकिसन म्हणाला. गार्डला हे ठाऊक असावं, त्याने सोडलं. हॉल निळा झाला होता. आकाशाचा नाही, दवाखान्याचाही नाही, औषधाच्या गोळीवर असतो तसला निळा. खुर्च्या सगळ्या उचलून नेल्या होत्या आणि मधोमध एकच ठेवली होती, माणूस एकच उरला म्हणून. कपाटाला कुलूप तसंच होतं. त्यावरूनही रंग फिरवला होता. चारुता मॅडम भेटायला आल्या. साहेबरावबद्दल बोलताना त्यांचा आवाज एका शब्दावर खरोखर घसरला, हे रामकिसनने ऐकलं. कान खोटं सांगत नव्हता. काही हवं का, असं त्यांनी विचारलं. तो म्हणाला, दुसरी खुर्ची. कशाला? शेजारी. त्यांनी पाच मिनिटांत पाठवली. मग त्याने पहिली खुर्ची कपाटाला लावली, वर चढला, कपाटाच्या वरच्या जाळीतून पेचकस आत घालून टोक स्पीकरच्या अंगाला टेकवलं, मूठ कानामागच्या हाडाला, आणि लिफ्ट, पाहुणे आले, पाहुणे जाईनात एवढं सगळं उभ्याने ऐकलं. बिडकीनचा रस्ता सुरू झाला. सळईतून सॅक्सोफोनच्या आतली हवा सरकताना कळत होती, गिटारवाल्याचं नख तारेवरून उठताना कळत होतं. ड्रम थांबले. गिटार थांबली. आत काही नव्हतं. हाच पेन ड्राइव्ह, हाच स्पीकर, हेच कुलूप. त्या जागेत कधीच कुणी श्वास घेतला नव्हता. ती जागा रिकामीच बनून आलेली होती.

तो खाली उतरला, खुर्ची जागेवर नेली, शेजारच्या रिकाम्या खुर्चीला खांदा लागेल अशी ठेवली आणि बसला. सव्वीस वर्षांची सवय म्हणून पुढची फेरीही ऐकली. एकदा ऐकून कुणी सही देत नाही. डोळे मिटले. बोट आपोआप वर गेलं. जागा आली, आणि श्वास आला. आखूड, कोरडा, नाकातून थोडी शीळ असलेला. रामकिसनने डोळे उघडून शेजारी पाहिलं. खुर्चीवर कुणी नव्हतं. मग त्याला कळलं की तो त्याचा स्वतःचाच आहे. तो मुद्दाम घेतलेला नव्हता. माणूस घेतच असतो सारा दिवस, नऊच्या नऊ गाण्यांतून, फक्त ऐकू येत नाही. कॉम्प्रेसर बंद पडला की दहा सेकंद ऐकू येतो, जो शेजारी असेल त्याचा. जानेवारीपासून जूनपर्यंत, रोज नऊ वेळा, कंपनीने जणू त्याच्यासाठी मुद्दाम कॉम्प्रेसर बंद करून दिला होता, आणि त्याने दर वेळी मान डोलावली होती. तळाला बुडबुडे. त्याने साहेबरावला साहेबरावचेच बुडबुडे समजावून सांगितले होते. आणि साहेबराव ‘व्हय, घेतो बाबा, दमला असंल’ म्हणाला होता. त्याला काय ऐकू आलं होतं, हे आता कुणाला विचारायचं? मग ते दार उघडलं. त्या दिवशी दीड वाजता, पाहुणे जाईनात संपत आलं असताना, साहेबरावने त्याच्या मनगटावर हात ठेवला होता. “रामकिसन,” एवढंच म्हणाला होता, हळू, काहीतरी मागायचं असल्यासारखं. आणि रामकिसनने डोळे न उघडता बोट वर केलं होतं. “थांब,” तो म्हणाला होता. “आता येतंय.” बिडकीनचा रस्ता लागला. जागा आली. श्वास आला नाही. त्याला राग आला होता, नीट आठवत होतं. आज खाल्ला यानं, असं मनात आलं होतं. त्याने डोळे उघडले होते आणि कपाटाकडे पाहिलं होतं. पाचवं गाणं संपेपर्यंत तो कपाटाकडेच बघत होता. मनगटावरचा हात तसाच होता.

अकरा वाजता तो एचआरमध्ये गेला आणि गेट पास मागितला. इतक्या महिन्यांत त्याने वेळेआधी हॉल सोडायची ही पहिलीच वेळ. चारुता मॅडमनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, ड्रॉवर उघडला आणि एक कागद पुढे ठेवला. त्याने पेन उचललं. त्या घाईने म्हणाल्या, “रामकिसन, हा गेट पास नाहीये. तो कागद आहे.”

“बाहेर जायला चालतो ना?”

“चालतो. पण मग आत यायला नाही चालत.”

“बराय,” म्हणून त्याने सही केली. ठरलेलं मोडलं नव्हतं, आधी साहेबरावच उठला होता.

गोजरबाई रांजणगावच्या त्यांच्या माडीवरच्या दोन खोल्यांत उंबऱ्याजवळ तूर निवडत बसली होती. फळीवर साहेबरावचा डबा होता, केशरी बोळ्यांनी गच्च भरलेला, प्रसादाचा असावा तसा पुसून ठेवलेला. तिने रामकिसनला पाहून पदर सारखा केला आणि आज सुट्टी का म्हणून विचारलं. तो तिच्यासमोर फरशीवर बसला. वाटेत त्याने वाक्य जुळवलं होतं, हळू सांगायचं, सावकाश. ते त्याने हळू सांगितलं. “काय?” गोजरबाई म्हणाली. तो जरा मोठ्याने बोलला. तिने कानामागे हात धरला. जे माणूस देवापुढेसुद्धा पुटपुटेल ते त्याला फरशीवर बसून ओरडून सांगावं लागलं. “वहिनी, मला आवाज येत होता,” तो ओरडला. समोरच्या घरातली मिक्सर चालवणारी बाई थांबली. “सहा महिने येत होता. मला वाटलं गाण्यातला हाय.” खालच्या गल्लीतला भाजीवाला वर बघायला लागला. रामकिसनच्या दाढेच्या खड्ड्यातून पुन्हा रक्त आलं, त्याने ते गिळलं आणि बाकीचंही ओरडून सांगितलं, बोट वर केलेलंसुद्धा, थांब म्हटलेलंसुद्धा.

गोजरबाईचा हात तुरीत तसाच राहिला. मग तिने विचारलं, “कसा होता?”

त्याने श्वास घेऊन दाखवला. तिने मान हलवली. तिला आला नव्हता. त्याने पुन्हा घेतला, जास्त जोरात, आणि तो खोटा झाला, हे त्याला स्वतःलाच कळलं. मग त्याने पिशवीतून पेचकस काढला. टोक स्वतःच्या छातीवर, शर्टाच्या वरच्या बटणाखाली टेकवलं, आणि लाकडी मूठ तिच्यापुढे धरली. गोजरबाईने ती हातात घेतली, जराशी तोलून बघितली, आणि केस मागे सारून कानाच्या हाडाला लावली. साहेबरावने घरी कधीतरी दाखवलं असणार. रामकिसनने डोळे मिटले. तिसरं गाणं मनात संपू दिलं, चौथं येऊ दिलं, अडीच मिनिटं जाऊ दिली, आणि सगळं बंद पडलं तिथे खोल, ओला, तळाला बुडबुडे असलेला तो श्वास घेतला. यावेळी तो बरोबर आला. सव्वीस वर्षांत त्याने कुठलंच मशीन इतकं हुबेहूब सांगितलं नव्हतं.

गोजरबाईने मूठ खाली केली नाही. “हा मला कधीच ऐकू नाय आला,” ती म्हणाली. मग त्याच मोठ्या, सपाट आवाजात, “मग वळून काहून नाय पाहिलं भावजी?”

“चांगला वाटायचा,” रामकिसन ओरडला.

समोरचा मिक्सर पुन्हा सुरू झाला. त्याच्या आवाजात दोघं तसेच बसून राहिले, मध्ये हातभर पेचकस, एक टोक ह्याच्या बरगडीवर रुतलेलं, मूठ तिच्या कानाला. तिने तो बाजूला ठेवावा, आतल्या खोलीत जावं, निदान रडावं, असं त्याला वाटत होतं. मिक्सर थांबला.

“परत घ्या,” गोजरबाई म्हणाली.

त्याने छाती भरायला डोळे मिटले, तर तिने पेचकस थोडा दाबला. “मिटू नका. हिकडं बघून घ्या.”

त्याने डोळे उघडे ठेवले. घेतला. ती ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिने मुठीवरचं बोट जरासं वर केलं, म्हणजे आणखी एकदा, आणि तो पुन्हा घेऊ लागला.